फ्रोझन पफ पेस्ट्री शीट घ्यावी का? पार्टीच्या स्टार्टरसाठी तर नक्कीच

सुट्ट्या लागल्या की घरी मंडळी जमतात आणि करणाऱ्याचा अर्धा जीव स्टार्टरमध्येच अडकलेला असतो, त्यामुळे आधीच सांगून टाकते की या कामासाठी मिळणाऱ्या सगळ्या रेडिमेड गोष्टींमध्ये मला सगळ्यात जास्त पैसे वसूल वाटते ती फ्रोझन पफ पेस्ट्रीची साधी कोरी शीट. आत सारण भरलेले, नुसते गरम करायचे पार्टी पॅक नाही म्हणत मी, कोरी शीट. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

ही शीट विकत का घ्यायची ते आधी. पफ पेस्ट्री म्हणजे भिजवलेल्या मैद्यात बटरचा थर ठेवायचा, लाटायचं, घडी घालायची, थंड करायचं, परत लाटायचं. पारंपरिक पद्धतीत तीन पदरी घडी ६ वेळा घालतात आणि त्यातून बटरचे ७२९ थर होतात. मध्येमध्ये तो गोळा फ्रीजमध्ये विसावला पाहिजे, नाहीतर बटर पाघळून मैद्यात मुरतं आणि मग पदर काही सुटत नाहीत. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी एवढा वेळ आणि एवढा धीर कोणाकडे असतो? म्हणून हे एक काम विकतच्या मालावर सोडावं असं माझं ठाम मत आहे. सारण मात्र घरचंच करा, तिथे विकतचं घरच्याची बरोबरी करत नाही.

आता घेताना काय बघायचं. पाकिटाच्या पुढच्या बाजूचा फोटो बघू नका, उलटं करून घटकांची यादी वाचा. दोन प्रकार मिळतात, एक बटरवाली आणि दुसरी वनस्पती तेलाची म्हणजे मार्जरीन किंवा पाम तेलावर केलेली. तेलाची शीट फुलते अगदी मस्त, उलट हाताळायला ती सोपीच, कारण तिच्यातलं फॅट जरा जास्त तापमानाला वितळतं, किचन गरम असलं तरी लगेच मऊ पडत नाही. पण तेच फॅट तोंडात नीट वितळत नाही, टाळूला एक तुपकट थर बसल्यासारखं वाटतं आणि तो चहाने जाईपर्यंत जात नाही. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, म्हणजे तोंडात गेल्या गेल्या, त्यामुळे चव स्वच्छ येते. माझा हिशोब सरळ आहे, ज्या स्टार्टरमध्ये पेस्ट्रीच मुख्य आहे तिथे बटरचीच घ्या, आणि आत भरपूर झणझणीत किंवा चीजवालं सारण असेल तर तेलाची चालून जाते, फरक फारसा कळत नाही. दूध-लोणी न खाणारे कोणी येणार असतील तर तेलाच्या बऱ्याच शीटमध्ये दुधाचा अंशही नसतो, पण गृहीत धरू नका, यादी वाचूनच घ्या. आणि ग्लूटेन चालत नसलेल्यांसाठी ही नाही, शीट मैद्याची आहे, त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी ठेवा, काकडीच्या जाड चकत्यांवर घट्ट दह्याचं किंवा क्रीम चीजचं डिप घातलं तरी सुंदर दिसतं.

शीट वापरताना सगळा खेळ थंडपणाचा आहे, हे एकच लक्षात ठेवलं तरी बाकी आपोआप जमतं. ओव्हनमध्ये गेल्यावर मैद्यातल्या आणि बटरमधल्या पाण्याची वाफ होते, पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते, आणि मधला बटरचा थर त्या वाफेला अडवून धरतो म्हणून पदर वर उचलले जातात. यीस्ट नाही, बेकिंग पावडर नाही, नुसती वाफ! पण बटर आधीच पाघळलेलं असेल तर थरच उरत नाही आणि वाफ अशीच निघून जाते. म्हणून शीट आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खालच्या फ्रीजमध्ये ठेवा. घाई असेल तर बाहेर अर्धा-पाऊण तास पुरतो, पण उन्हाळ्यात एवढाही वेळ देऊ नका, घडी न तुटता उघडतेय असं वाटलं की लगेच कामाला लागायचं. मध्येच चिकट व्हायला लागली तर पीठ भुरभुरवत बसू नका, ट्रेसकट दहा मिनिटं फ्रीजमध्ये सरकवा. आणि ओव्हन आधीपासून २०० अंश सेल्सिअसला नीट तापलेला हवा, कोमट ओव्हनमध्ये बटर नुसतं ट्रेवर वाहतं.

कापायला धारदार सुरी घ्या आणि वरून दाबून कापा, पुढेमागे ओढू नका, ओढलं की कडेचे थर एकमेकांना चिकटतात. नीट कापलेली कड भाजल्यावर पुस्तकाच्या पानांसारखी दिसते. अंडं फेटून लावायचं तर फक्त वरच्या बाजूला, कडेवर ओघळलं की ते तिथे गोंदाचं काम करतं आणि तो तुकडा एका बाजूने फुलतो, दुसऱ्या बाजूने बसतो. अंडं नको असेल तर दूध किंवा क्रीम लावा, चमक थोडी कमी येते पण रंग छान येतो.

आता करायचं काय. सगळ्यात सोपं आणि सगळ्यात आधी संपणारं म्हणजे चीज ट्विस्ट. शीटवर किसलेलं कडक चीज, ताजी भरडलेली मिरी, थोडी लाल तिखटाची पूड पसरायची, लाटण्याने हलकंच दाबायचं, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून पिळा द्यायचा आणि १५ एक मिनिटं भाजायचं. वर मीठ घालू नका, चीजमध्ये असतंच. ग्लासात उभे लावून ठेवले की टेबलही भरलेलं दिसतं, आणि लोकांना उभ्याउभ्या गप्पा मारत खाता येतं, प्लेट नको चमचा नको. हे पूर्ण गार झाल्यावरही तितकेच चांगले लागतात आणि पार्टीच्या दिवशी ही फार मोठी सोय आहे, कारण ओव्हन तेव्हा बाकी जेवणासाठी लागतोच.

दुसरं म्हणजे पिनव्हील. शीटवर पातळ थर लावायचा, पेस्टो किंवा सुक्या टोमॅटोची चटणी किंवा मस्टर्ड आणि चीज, घट्ट गुंडाळी करायची, आणि इथे थांबायचं. गुंडाळी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून कडक झाली की मगच चकत्या करायच्या, मऊ असताना कापली तर प्रत्येक चकती चपटी होते आणि सारण बाहेर येतं. थर पातळ म्हणजे खरंच पातळ, जास्त भरलं तर आतले वेढे कच्चे राहतात.

तिसरं मशरूम किंवा कांद्याचे छोटे टार्ट, आणि इथे जरा बोलायचंय, कारण लोक शीटला नावं ठेवतात ती बहुतेक इथूनच, तळ ओला राहिला, सादळला, कच्चा लागला म्हणून. दोष शीटचा नसतो, सारणातल्या पाण्याचा असतो. मशरूममध्ये ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं, ते कच्चे कापून टाकले तर सगळं पाणी खाली पेस्ट्रीतच जाणार. त्यामुळे मशरूम मोठ्या पॅनमध्ये, गर्दी न करता, मोठ्या आचेवर पाणी पूर्ण आटून कडा लाल होईपर्यंत परता. कांदा उलट मंद आचेवर अर्धा-पाऊण तास, जॅमसारखा होईपर्यंत. टोमॅटो असेल तर चकत्यांना मीठ लावून निथळत ठेवा आणि टिपून घ्या. पालक घट्ट पिळा, मग परत एकदा पिळा. आणि कुठलंही सारण गार झाल्याशिवाय शीटवर ठेवायचं नाही. चौकोन कापून कडेपासून थोडं आत सुरीने हलकी रेघ मारायची, आरपार नाही, मधल्या भागाला काट्याने टोचे मारायचे, की मधलं बसून राहतं आणि कड फुलून वाटीसारखा आकार येतो. वर कुस्करलेलं फेटा किंवा बकरीच्या दुधाचं चीज, भाजून बाहेर आल्यावर थाइमची पानं. एवढंच करायचं, पण बघणाऱ्याला वाटतं किती वेळ घालवलाय.

रंगाबद्दल सांगायलाच हवं. बहुतेक जण लवकर काढतात! फिकट सोनेरी दिसलं की झालं असं वाटतं पण आतले थर तेव्हा कणकेसारखे असतात. चांगलं खरपूस तपकिरी होऊ द्या, एक तुकडा उलटा करून तळ बघा, तळ कोरडा आणि लालसर असेल तरच काढा. काढल्यावर ट्रेवर ठेवू नका, जाळीवर काढा, नाहीतर खालची वाफ तळ मऊ करते.

तयार पार्टी पॅकशी तुलना केली तर तिथे फक्त एक गोष्ट जिंकते, वेळ. खोक्यातून काढा आणि भाजा. पण आत सारण चमचाभर, मीठ भरपूर, आणि चार वेगळे प्रकार असं लिहिलेलं असलं तरी चव जवळपास एकच. शिवाय तीच सोय घरी होते हे फार जणांना माहीत नसतं. ट्विस्ट, पिनव्हील, टार्ट, हे सगळं न भाजता ट्रेवर सुटं सुटं गोठवून घ्यायचं, कडक झालं की डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवायचं, आणि लोक यायला लागले की गोठलेलंच थेट गरम ओव्हनमध्ये, नेहमीपेक्षा चार-पाच मिनिटं जास्त. उलट असं केलं तर जास्त छान फुलतं, कारण बटर शेवटपर्यंत थंड राहतं. म्हणजे आठवडाभर आधी निवांत बसून करता येतं आणि त्या दिवशी तुम्हीही मंडळींमध्ये बसू शकता. मला तर या शीटचं खरं मोल इथे वाटतं.

एअर फ्रायरमध्येही होतं, पण छोट्या बॅचमध्ये, आणि पंख्याच्या वाऱ्याने हलके तुकडे उलटतात किंवा वरचा पदर उडतो, जास्त लोकांसाठी ओव्हनच बरा. मायक्रोवेव्हमध्ये परत गरम करायचा विचारही करू नका, कातडं होतं. १८० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवलं की परत खुसखुशीत.

आता अर्धा गुण कशाचा कापला ते. एक, घडी घातलेल्या शीट घडीवरच चिरतात, ओल्या बोटाने दाबून जोडता येतात पण काम वाढतं, म्हणून पर्याय असेल तर कागदासकट गुंडाळलेली शीट घ्या. दोन, शीटचा आकार आणि जाडी पाकिटागणिक बदलते, त्यामुळे किती तुकडे होतील हे आधी मोजून ठरवता येत नाही, पाहुणे जास्त असतील तर एक पाकीट जादा आणावं. तीन, पोटाला जड आहे, फॅट भरपूर असतं हे लपवण्यात अर्थ नाही, त्यामुळे टेबलावर सगळंच पेस्ट्रीचं ठेवू नका, दोन प्रकार हे आणि बाकी ऑलिव्ह, द्राक्षं, कच्च्या भाज्या आणि हमस असं काहीतरी गार आणि हलकं. चीज, मांस किंवा अंड्याचं सारण असलेले तुकडे बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. गप्पांमध्ये वेळ कळत नाही, म्हणून सगळं एकदम न मांडता थोडं थोडं भाजून आणा.

कापून उरलेल्या कडा टाकू नका आणि गोळाही करू नका, गोळा केला की थर मोडतात. एकावर एक रचून हलकं लाटा, वर तीळ आणि जाडं मीठ घालून काड्या कापा, सगळ्यांच्या आधी भाजून घ्या आणि किचनमध्ये मदतीला आलेल्यांना खायला द्या.