पिकअपचे मागचे पाटे: कंपनीचे, जादा पाटा की पॅराबोलिक?

पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या वाकदार पोलादी पट्ट्या, बदलायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो 'माल किती झेपेल?' हाच. माझं म्हणणं, त्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. नेहमीचा माल भरून फक्त मागची चाकं काट्यावर ठेवा, वजन लिहून घ्या. मग रिकाम्या गाडीचं तसंच घ्या. मुंबईतल्या कितीतरी पिकअप भरून जातात आणि रिकाम्या परत येतात. पाट्यांचं निम्मं आयुष्य रिकाम्या हौद्याखाली जातं, आणि आपण ते निवडतो वर्षातल्या सगळ्यात जड दिवसासाठी.

आमची गाडी पहाटे भाऊच्या धक्क्यावर मासळी भरते, ठाणे-कल्याणला उतरवते आणि रिकामी घरी येते. ती मागून बसली तेव्हा आम्ही दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा पाटे टाकून घेतले. भरल्यावर ऐटीत उभी राहायची. परतीला मात्र पुलाच्या प्रत्येक सांध्यावर मागची चाकं उचलली जायची, आणि पावसात ब्रेक दाबला की शेपूट सरकायचं. चार महिन्यांत शॅकलच्या (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीच्या) ब्रॅकेटला चीर गेली. गाडी माझा भाऊ चालवतो. त्याच्या कंबरेचं दुखणं तेव्हापासूनचं आहे, म्हणून हे एवढं तपशिलात लिहितोय.

जादा पाटा हा सगळ्यात स्वस्त उपाय. अर्ध्या दिवसात काम होतं आणि ज्याची गाडी दोन्ही फेऱ्यांना भरलेली असते त्याला तो पुरतोही. पण किती कडक होणार याचा हिशेब आधी करा. पाच पाट्यांच्या जुडग्यात त्याच जाडीचा सहावा टाकला तर कडकपणा फार तर २० टक्के वाढतो, आखूड पाटा असेल तर त्याहून कमी. जाडीचं गणित मात्र वेगळं आहे. कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. सगळे पाटे ८ मिलिमीटरऐवजी ९ मिलिमीटरचे घेतले तर ४० टक्क्यांहून जास्त वाढ होते. १० मिलिमीटरचा एकच पाटा ८ मिलिमीटरच्या जवळजवळ दोन पाट्यांइतका कडक असतो. मोठ्या गाडीचा भंगारातला पाटा कापून आत सरकवला की गाडी दगड का होते, ते यातून कळतं. शिवाय त्याचा वाक बाकीच्यांशी जुळत नाही. मग भार सारखा वाटला जात नाही आणि मेन पाटा (सगळ्यात वरचा, लांब) डोळ्यापाशी, म्हणजे टोकाच्या गोल वळशापाशी, किंवा सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोकाशी तुटतो. टाकायचाच असेल तर त्याच जाडीचा, जुळत्या वाकाचा, एकच टाका.

जुनेच पाटे ठोकून परत वाक देणं मी कुणालाही सुचवणार नाही. थंड ठोकले तर काही आठवड्यांत पुन्हा बसतात. भट्टीत लाल केले तर पोलादाला कारखान्यात दिलेलं पाणी (टणकपणा) उतरतं. तुटलेल्या मेन पाट्याला वेल्डिंग तर कधीच नको.

कंपनीच्या खोक्यातले पाटे घ्यावेत की बाजारातले नावाजलेले, यात लोक समजतात तेवढं अंतर नाही. यमुनानगरच्या जमना ऑटोसारखे कारखाने गाड्यांच्या कंपन्यांनाही पाटे देतात आणि सुट्या बाजारातही विकतात. खरी दरी आहे ती नावाजलेला माल आणि बिननावाचा माल यांच्यात. दुकानात हात लावून बघा. पाट्यावर कारखान्याचा शिक्का आणि पार्ट नंबर हवा. बारीक छऱ्यांचा मारा केलेल्या पाट्याचा पृष्ठभाग किंचित खरखरीत, निस्तेज दिसतो. या माऱ्यामुळे वरच्या थरात दाब साठतो आणि चीर पडायला वेळ लागतो. जाड काळ्या रंगाखाली हे दिसत नाही, तेव्हा रंग पातळ असलेली जागा शोधा. जुन्या जुडग्याची प्रत्येक पाट्याची जाडी आणि रुंदी मोजून कागदावर न्या. 'या गाडीलाच बसतो' एवढ्यावर पैसे देऊ नका.

पॅराबोलिकबद्दल मात्र मला मनापासून बोलायचंय. त्यात पाटे दोन-तीनच असतात, मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते. मधला भाग आणि टोकं सोडली तर एकमेकांना चिकटत नाहीत. घासणं कमी, म्हणून रिकामी गाडीसुद्धा रस्त्याला धरून चालते. वजनही बरंच कमी. आणि आमच्यासारख्यांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाणी. मासळीच्या बर्फाचं खारट पाणी हौद्यातून थेट मागच्या पाट्यांवर ठिबकतं. जुन्या पद्धतीच्या जुडग्यात ते दोन पाट्यांच्या मध्ये शिरून बसतं, गंज धरतो, गंजाच्या खळग्यातून चीर सुरू होते. पॅराबोलिकमधली फट तुम्ही पाइप लावून गोड्या पाण्याने धुऊ शकता. तोटाही सांगतो. दोनातला एक पाटा तुटला तर निम्मा आधार गेला, गाडी तिथेच थांबवावी लागते. पाच पाट्यांतला खालचा एखादा तुटला तर हळूहळू गॅरेजपर्यंत तरी पोहोचता येतं. एकावेळी खर्चही जास्त. आणि पासिंगपेक्षा (आरसी बुकातल्या मंजूर वजनापेक्षा) जास्त माल भरायची सवय असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

अधूनमधूनच जड माल असेल, समजा आठवड्यातून एकदा कळंबोलीहून लोखंड, तर मूळ पाटे तसेच ठेवून रबरी हेल्पर बसवा. चेसिस आणि पाटा यांच्यामध्ये तो असतो आणि गाडी पुरेशी दबल्यावरच भार घेतो. आम्ही आता नवे नावाजलेले मूळ मापाचे पाटे आणि हेल्पर असं केलंय. पुढच्या वेळी पॅराबोलिक घेणार.

दोन गोष्टी दुकानदार सहसा सांगत नाही. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, आणि तो भार ओळखतो गाडी किती दबली त्यावरून. पाटे कडक केले की भरलेली गाडीही त्याला हलकी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. पाटे बदलल्यावर तो व्हॉल्व्ह जुळवून घ्याच. दुसरी गोष्ट, पाटे कितीही जाड केले तरी आरसी बुकातलं वजन वाढत नाही. जादा मालाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. एक्सल, बेअरिंग, टायर हे सगळं तर जुन्याच मापाचं राहतं.

बसवताना दोन्ही बाजू एकदम बदला. यू बोल्ट (पाटे एक्सलला जखडणारे) आणि सेंटर बोल्ट नवे घ्या. जुना यू बोल्ट ताणला गेलेला असतो. पाट्याच्या डोळ्यात बसणाऱ्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के करू देऊ नका. चाकं जमिनीवर टेकली, गाडीचा भार आला की मगच आवळायचे, नाहीतर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळून घ्या. ढिला राहिला तर सेंटर बोल्ट कापला जातो आणि एक्सल सरकतो. गाडीची मागची बाजू वर आली असेल तर हेडलाइटही खाली झुकलेले असतील. ते त्याच दिवशी संध्याकाळी भिंतीसमोर उभी करून तपासा.