प्रोबायोटिक कॅप्सूलचा रिव्ह्यू, दूध न पचणाऱ्या नागपूरकराकडून

सरळ सांगतो, दूध पचत नाही म्हणून प्रोबायोटिक कॅप्सूल (पोटाला चांगल्या जिवंत जंतूंची) घ्यायचा विचार करून राहिले असाल तर आधी घरचं दही जमते का ते पाहा, मला तरी त्या महागड्या डबीपेक्षा वाटीभर दह्याचा फायदा जास्त झाला. डबीचं नाव लिहीत नाही, धंतोलीच्या मेडिकल स्टोअरमध्ये विचारलं तर काउंटरवर एकासारख्या एक तीन-चार डब्या मांडतात, त्यातलीच एक. माझ्याकडून 5 पैकी अडीच स्टार, अडीच का ते खाली आहे.

माझी टेस्ट झालेली आहे बरं, नुसता अंदाज नाही. उपाशी पोटी लॅक्टोजचं, म्हणजे दुधातल्या साखरेचं, गोड पाणी प्यायचं आणि थोड्या थोड्या वेळानं नळीत फुंकत बसायचं, श्वासातला हायड्रोजन आधीपेक्षा 20 पीपीएमनं वर गेला की पॉझिटिव्ह. लहान आतड्यात ही साखर तोडणारं लॅक्टेज एन्झाइम कमी पडते, मग ती न पचता तशीच मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात आणि गॅस, गुडगुड, लूज मोशन आपल्या वाट्याला. जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांचं हेच आहे, त्यामुळं लाजायचं काही काम नाही. ओळखीतले एक काका मला देशी गाईचं ए2 दूध सुचवून राहिले होते. काका, ए2 चा मामला प्रोटीनचा आहे हो, लॅक्टोज त्यातही तेवढंच, अन् म्हशीच्या दुधातही जवळपास तेवढंच.

आता कॅप्सूल. सकाळी नाश्त्याआधी एक, असं बरेच दिवस घेतलं. पोट थोडं हलकं वाटायचं, गॅस जरा कमी, पण कपभर दूध प्यायलो की दुपारपर्यंत तोच तमाशा. होतं काय, प्रोबायोटिक म्हणजे एकच औषध नाही, कोणता स्ट्रेन (जंतूची नेमकी पोटजात) आहे त्यावर सगळं अवलंबून आहे, काही स्ट्रेननं लॅक्टोजवाल्यांना फरक पडल्याचे रिझल्ट आहेत आणि काहींनी काहीच होत नाही. माझ्या डबीवर नुसतं लॅक्टोबॅसिलस अन् बिफिडोबॅक्टेरियम छापलं होतं, पुढं स्ट्रेनचा नंबर-कोड काही नाही, म्हणजे आपण नेमकं काय गिळून राहिलो ते कळायला मार्ग नाही. घेताना अजून दोन गोष्टी वाचाच. एक, आत भर म्हणून लॅक्टोजच तर नाही ना टाकलेलं, काही गोळ्या-पावडरींत असते, गंमत आहे पण खरं आहे. दुसरं, जंतूंचा आकडा बनवतानाचा आहे की एक्सपायरीपर्यंतचा, कारण अब्जाच्या गोष्टी डबीवर सगळेच करतात.

आणि आपल्या नागपुरात तर हा आकडा उन्हावर ठरते. मे महिन्यात 45 डिग्री, डिलिव्हरीवाला पोरगा गाडीच्या मागच्या काळ्या बॅगेत डबी घालून अर्धं शहर फिरून येते, आणि डबीवर लिहिलंय थंड जागी ठेवा! मला एकदा हाताला चक्क गरम लागेल अशी डबी घरपोच आली, दुकानात फोन केला तर म्हणे काही होत नाही साहेब, कॅप्सूलच आहे. अर्धा स्टार तिथंच कापला (कंपनीचा नाही, दुकानाचा, पण कापणार कुठून). तेव्हा उन्हाळ्यात घ्यायचंच असेल तर स्वतः जा, फ्रिजमधून काढून देते का पाहा, सोबत थंड पिशवी न्या. बॅसिलस क्लॉसी किंवा बॅसिलस कोॲग्युलन्स जातीच्यांना एवढं जपावं लागत नाही, ते बीजाणूच्या रूपात असतात, गरमी सहन करतात. एन्टेरोजर्मिनाच्या त्या छोट्या बाटल्या त्यातल्याच, पण डॉक्टर त्या जास्त करून जुलाबासाठी देतात, दूध पचवायला नाही, त्यामुळं घरात पडली आहे म्हणून दुधासोबत पिऊन पाहू नका.

याकुल्ट हे प्रोबायोटिक पेयपण घेऊन पाहिलं. 65 मिलीची बाटली, शिरोटा नावाचा एकच ठरलेला स्ट्रेन, साडेसहा अब्ज जंतू, निदान काय पितोय ते तरी स्पष्ट. बनतं ते साय काढलेल्या दुधापासूनच, पण बाटलीच एवढी लहान की मला त्रास झाला नाही. चव पोरांना आवडते कारण साखर आहे, शुगरवाल्यांनी लेबल पाहून घ्या. दूध पचायला लागलं का? नाही.

मग दही काहून चालते? दह्यातल्या जंतूंकडं लॅक्टोज तोडणारं एन्झाइम स्वतःचंच असते. विरजताना ते थोडी साखर खाऊन टाकतात आणि उरलेली आपल्या लहान आतड्यात गेल्यावर त्यांच्याच एन्झाइमनं तुटते, म्हणजे गडी बाहेरचा, काम आपल्या घरचं. योगर्टमधल्या जिवंत जंतूंमुळं लॅक्टोज पचायला मदत होते हा दावा युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं 2010 मध्ये मान्यसुद्धा केला, अट एवढीच की एका ग्रॅममध्ये किमान 10 कोटी जिवंत जंतू पाहिजेत. घरच्या विरजणात किती हे कोणी मोजत नाही हे मान्य, पण ताजं असलं की मला चालते. कढी केली की मात्र तो फायदा संपला, उकळीत जंतू मेले, लॅक्टोज तिथंच. त्यापेक्षा जेवणावर मठ्ठा घ्या, पाणी असल्यानं ग्लासात लॅक्टोजपण कमी येते. चक्क्यातलं पाणी निथळून जाते म्हणून श्रीखंडही बऱ्यापैकी सोसते. बासुंदी, रबडी अन् माव्याची संत्रा बर्फी हे खरे दुश्मन, दूध आटवलं की लॅक्टोज पण आटूनच येते ना.

लग्नाच्या पंगतीत बासुंदी सोडवत नाही त्याला वेगळा उपाय आहे, लॅक्टेजची गोळी. ही प्रोबायोटिक नाही, सरळ एन्झाइम आहे, पहिल्या घासासोबत घ्यायची, काम त्या जेवणापुरतंच, युनिट 4500 च्या वर पाहून घ्या. मला कॅप्सूलपेक्षा हिचा फरक चटकन कळला. सगळ्या मेडिकलमध्ये ठेवत नाहीत, आधी फोन करा. आणि वजन उतरत असेल किंवा शौचात रक्त दिसत असेल तर यातलं काहीच करत बसू नका, डॉक्टर गाठा.

डबी संपली, परत आणली नाही. रोज दही सुरू आहे, चहाला अमूलचं लॅक्टोज फ्री दूध. त्यात लॅक्टोज आधीच तोडून ग्लुकोज-गॅलॅक्टोज केलेलं असते, ते जास्त गोड लागतात, म्हणून साखर नेहमीपेक्षा अर्धा चमचा कमीच टाका.