घरची शाळा, मुक्त विद्यालय की झेडपी : एका वर्षानंतरचा ताळा

गेल्या जूनमध्ये आम्ही दोन्ही लेकरांना शाळेतून काढलं. थोरली पाचवी पास झाली होती, धाकटा पहिली. अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावात झेडपीची सातवीपर्यंतची शाळा आहे. सात वर्गांना चार शिक्षक. त्यातल्या एकाची बदली झाली आणि आम्ही लेकरांना काढलं तेव्हा ती जागा सात महिन्यांपासून रिकामीच होती. त्या सात महिन्यांत थोरलीच्या वहीत गणिताची जेमतेम नऊ पानं भरली. मी बीएस्सी झालेली, शिलाई घरीच करते. म्हटलं, एक वर्ष आपण शिकवून बघू. आता दुसरा जून आलाय आणि पुन्हा ठरवायचं आहे. हाच प्रश्न तुमच्याही घरात असेल, म्हणून आमचा हिशोब मांडते.

आधी वर्ष खरंच किती चाललं ते. मी रोजची नोंद एका वहीत ठेवली होती. मोजले तर १६८ दिवस भरले. थोरलीचे रोजचे सरासरी तीन तास, धाकट्याचे दोन. शिक्षण हक्क कायद्यात शाळांसाठी पहिली ते पाचवीला वर्षाकाठी २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास सांगितले आहेत. आमचे तास त्याच्या निम्मे, धाकट्याचे तर निम्म्याहून कमी. घरी एकाच लेकराजवळ बसून दोन तासांत खूप होतं हे खरं, पण बुडालेले दिवस बुडालेच. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या राशीत, म्हणजे मळणीत, तीन आठवडे गेले, आणि लग्नसराईत माझ्याकडं ब्लाऊजांचा ढीग लागला की पुस्तक उघडायलाच संध्याकाळ व्हायची. घरच्या शाळेची फी पैशात नसते. एका मोठ्या माणसाचे रोजचे चार तास, हीच ती फी, आणि ती वर्षभर भरता येईल का हे सगळ्यात आधी बघा.

मिळालं काय, तर थोरलीचं गणित सुधारलं, आणि ते आडतीवर सुधारलं. यांचं काम आडतीवर मुनीमाचं. कोऱ्या पट्ट्या, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या पावत्या, घरी आणून तिला भरायला द्यायचे: एवढे कट्टे, एवढं वजन, हा भाव, त्यातून हमाली वजा, तोलाई वजा. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा साधारण १२ टक्के धरतात. मशीनवर १६ दाखवलं तर क्विंटलमागे पाणी किती, हे तिनं तोंडी सांगितलं त्या दिवशी आजोबांनी पहिल्यांदा विरोध थोडा ढिला केला. इतिहासासाठी एक दिवस धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गेलो. तेर म्हणजे जुनं तगर, आणि पैठणबरोबर या गावाचं नाव ग्रीक भाषेतल्या जुन्या व्यापारी वर्णनात येतं. लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या भाजक्या मातीच्या मूर्ती बघून आल्यावर तिनं चार पानं आपणहून लिहिली. शाळेच्या सहलीत इतका वेळ एका काचेसमोर उभं राहता आलं नसतं.

राहिलं काय, तर हिंदी जवळजवळ पूर्ण. विज्ञानाचे प्रयोग अर्धे. आणि धाकट्याची सोबत.

हे शेवटचं मला नोव्हेंबरमध्ये कळलं. दुपारच्या सुट्टीची घंटा झाली की हा पोरगा शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीला जाऊन टेकायचा. आत जायचा नाही, हाक मारायचा नाही. खिचडीच्या रांगेकडं बघत उभा. वाचायला तो माझ्याजवळ छान शिकला, पण पाढे एकट्यानं म्हणायला बसला की दुसऱ्याच ओळीला आवाज बसतो. पाढे, कविता, खो-खो या गोष्टी घोळक्यातच अंगात भिनतात. बहीण चार वर्षांनी मोठी, ती काही त्याची वर्गमैत्रीण होऊ शकत नाही.

म्हणून आता दोन लेकरांचे हिशोब वेगळे करून बघतेय. वर्षाच्या सुरुवातीला ते एकत्र धरले, ही माझी चूक झाली.

धाकट्याचा हिशोब

त्याच्यापुढं खरे पर्याय दोनच: घर किंवा गावातली झेडपी. तालुक्याच्या इंग्रजी शाळेचा विचार आम्ही दहा मिनिटांत सोडला. व्हॅनमध्ये रोजचा दीड तास आणि घरात कुणी न बोलणारी भाषा, तीही तिसरीत.

झेडपीत पुस्तकं, गणवेश, दुपारचं जेवण फुकट. शाळा घरापासून पाच मिनिटांवर. ती रिकामी जागा शेवटी यंदाच्या फेब्रुवारीत भरली, नव्या बाई तिसरी-चौथी एकत्र घेतात. एका वर्गात दोन इयत्ता म्हणजे लक्ष अर्धं, हे धरून चालायचं. घरी लक्ष पूर्ण मिळतं, पण सोबत शून्य. आठ वर्षांच्या लेकराला या दोन्हींतलं काय जास्त लागतं, याचं उत्तर मला त्या भिंतीजवळ मिळालंय. परत घालताना अडचण येईल अशी धास्ती होती, पण कायदा इथं पालकाच्या बाजूनं आहे: कलम ४ प्रमाणं वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो आणि मागं राहिलेला भाग भरून काढायला विशेष शिकवणीही. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. संध्याकाळचा एक तास वाचन आणि गणित माझ्याकडंच राहील.

थोरलीचा हिशोब

इथं मात्र झेडपीचं पारडं हलकं होतं. गावची शाळा सातवीला संपते. म्हणजे तिला परत घातलं तरी एकच वर्ष, मग आठवीला एसटीनं अंबाजोगाई. आणि ती घरी रुळली आहे. सकाळी आपली वही काढून बसते, अडलं तर विचारते. तिच्या बाबतीत प्रश्न शिकण्याचा उरलेला नाही, कागदाचा आहे. आजोबा रोज एकच विचारतात, "लेकरू शिकायलंय ते दिसायलंय, पण धाव्वीचा कागद कोण देणार?"

कायद्यात घरच्या शाळेचं नाव कुठंच नाही. कलम १० मध्ये लेकराला शाळेत घालण्याची जबाबदारी पालकावर टाकली आहे, पण न घातल्यास दंड सांगितलेला नाही. त्यामुळं चौदा वर्षांपर्यंतचा हा रस्ता मोकळा दिसतो, पण त्यावर पाटी लावलेली नाही. पुढचा कागद मिळवायच्या तीन वाटा मी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या.

पहिली, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणं. परीक्षा आणि प्रमाणपत्र नेहमीच्या दहावीचंच, त्यामुळं गावात कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. पण शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो (तो काढून प्लास्टिकच्या फाईलमध्ये ठेवा, आमचा एकदा पावसात भिजता भिजता वाचला), परीक्षा सगळ्या विषयांची एकदम, आणि तोपर्यंत मधल्या कुठल्याच वर्षाचा पुरावा हातात नाही.

दुसरी, राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. माध्यमिकला, म्हणजे दहावीला, वय १४ पूर्ण लागतं. पाच विषय, तेही निवडून. एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी, परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा. एकेक दोनदोन विषय सोडवत जाता येतं, मराठी माध्यमही आहे. आमच्यासारख्या, राशीच्या हंगामात अभ्यास थांबणाऱ्या घराला ही सोय फार मोलाची वाटते. खटकतं ते एवढंच की पुस्तकं बालभारतीची नाहीत, त्यामुळं शेजारच्या ताईला विचारून अडचण सुटत नाही.

तिसरी, महाराष्ट्राचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ. इथं पाचवी आणि आठवीचीही परीक्षा देता येते. आठवीला वय १३ पूर्ण हवं. थोरली आता बारा वर्षांची आहे. म्हणजे दोन वर्षं घरी, मग आठवीचं प्रमाणपत्र, आणि तिथून पुढं पहिल्या दोन्ही वाटा उघड्याच. नववीला शाळेत जावंसं वाटलं तरी हातात कागद आहे. लातूरला अकरावी सायन्स करायचं हे तिच्या डोक्यात आत्तापासून आहे, तेव्हा मला आठवीचा टप्पा मधे हवाच आहे. तुमचं लेकरू तेरा-चौदाचं असेल तर मात्र हा टप्पा गाळून सरळ दहावीच्या वाटेचा विचार करा.

नियोजन करताना पुस्तकांचं एक बघून ठेवा. राज्याचा नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्यानं येतोय. २०२५ साली जाहीर झालेल्या वेळापत्रकात पहिलीनंतर २०२६-२७ ला दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी होती, सातवी त्याच्या पुढच्या वर्षी. त्यामुळं थोरल्या भावंडाची जुनी पुस्तकं धाकट्याला चालतीलच असं नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवून घ्या आणि वर्ष तपासूनच झेरॉक्स काढा.

थोरलीच्या नव्या वर्षात मी तीन बदल केलेत. हिंदी शेजारच्या निवृत्त गुरुजींकडं, आठवड्यातून दोनदा. बदल्यात त्यांच्या घरची शिलाई माझ्याकडं. ऑक्टोबरचे तीन आठवडे आधीच सुट्टी धरलेत आणि तेवढे दिवस मे महिन्यात सकाळी सात ते नऊ भरून काढायचे, ऊन चढायच्या आत. आणि दर महिन्याला एक चाचणी, मी सोडून दुसऱ्या कुणीतरी तपासलेली.

धाकट्याला काल शाळेत जायचं सांगितलं. त्यानं आधी विचारलं ते ताईचं, ती येणार का म्हणून. नाही म्हटल्यावर थोडा वेळ गप्प बसला आणि मग आपली जुनी पाटी शोधायला माळ्यावर चढला.