जुना थिंकपॅड टी४८० : चिपळूणच्या एका पावसाळ्यानंतर

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईला जाऊन मी रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) थिंकपॅड टी४८० लॅपटॉप घेतला, त्याला आता दहा महिने झाले. मी चिपळूणला हिशेब लिहिण्याचं, जीएसटी आणि आयकराची रिटर्न भरण्याचं काम करते. रोज आठ-नऊ तास टॅली, एक्सेल आणि सरकारी पोर्टल. जीएसटीच्या मुदतीची ११ आणि २० तारीख जवळ आली की त्याहून जास्त. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. अशा कामासाठी यंत्र शोधणाऱ्यांनी पुढचं जरूर वाचावं.

आधी डेस्कटॉप होता. २२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी घरात शिरलं तेव्हा मी सीपीयू जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवला. २००५ मध्ये आमच्या घरात गुडघाभर आलं होतं, त्यामुळे टेबलापर्यंत येणार नाही अशी खात्री होती. तासाभरात टेबल तरंगायला लागलं. मागच्या वायरी ओढून काढायला हात पुरेनात, सासूबाई जिन्यावरून हाका मारत होत्या, आणि मी तो तिथेच सोडून वर गेले. चाळीसेक अशिलांचे हिशेब त्यात होते. एक जुना पेनड्राइव्ह कपाटाच्या वरच्या कप्प्यात होता, त्यावर मार्चपर्यंतचं मिळालं. पुढचे चार महिने लोकांनी वाळवून आणलेल्या चिखलाच्या बिलांवरून परत लिहून काढले. मग तीन वर्षं भावाच्या जुन्या यंत्रावर निभावलं. नवीन घ्यायची वेळ आली तेव्हा पहिली अट हीच होती की एका हातात उचलून माळ्यावर जाता आलं पाहिजे.

टी४८० च का, तर पहिलं कारण पोर्ट. माझं डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं टोकन जुन्या पद्धतीच्या यूएसबीलाच लागतं, आणि पातळ नवीन यंत्रांत ते लावायला वेगळा तुकडा घेऊन फिरावं लागतं. यात साधे यूएसबी दोन, टाइप-सी दोन, एचडीएमआय, कार्ड रीडर आणि इंटरनेटची केबल थेट लावायचं पोर्टही आहे. दुसरं म्हणजे बॅटरी दोन : एक आत, एक मागे, आणि मागची यंत्र चालू असतानाच बदलता येते. तिसरं, रॅमचे दोन्ही कप्पे उघडून वाढवता येतात, वर चिकटवलेली रॅम नाही.

चौथं कारण प्रोसेसरचं, आणि इथे बऱ्याच जणांची फसगत होते. दुकानात याच्याशेजारी याच मालिकेतला आधीचा टी४७० पाच हजारांनी स्वस्त ठेवलेला असतो. दिसायला जुळा भाऊ. पण तो सहाव्या-सातव्या पिढीचा, आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी लागते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यावरून लोकांच्या बँकेची आणि कराची कामं करायची, त्या यंत्राला सुरक्षेचे अपडेट मिळणार नसतील तर ते पाच हजार वाचले असं म्हणता येत नाही. स्क्रीनचंही तसंच. याच मॉडेलमध्ये १३६६ बाय ७६८ ची स्क्रीनही आली होती. एक्सेलवर काम असेल तर फुल एचडीच घ्या, रकाने किती दिसतात यात फार फरक पडतो.

रात्रीची कोकणकन्या पकडून पहाटे दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड. दुकानं उघडायला वेळ होता म्हणून तपासायच्या गोष्टी परत एकदा कागदावर उतरवल्या. त्या कागदाने मला वाचवलं. पहिलं यंत्र चकाचक होतं, कोपरेसुद्धा घासलेले नव्हते. सुरू होताना एफ-वन दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या मूळ सेटिंगमध्ये गेले तर पासवर्ड मागितला. दुकानातल्या मुलालाही ठाऊक नव्हतं. "ताई, विंडोज तर नीट चालतंय ना, बायोसमध्ये कशाला जायचंय तुम्हाला?" मी म्हटलं, "भाऊ, हा पासवर्ड आधीच्या कंपनीचा आहे, तो सहजी निघत नाही, उद्या डिस्क बदलली आणि काही अडलं तर मी कुणाकडे जाऊ?" त्याने काही न बोलता दुसरं काढलं. त्याचं झाकण एका बाजूला ओरखडलेलं, पण बायोस मोकळं. हेच मी घेतलं.

ही यंत्रं बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून बाहेर पडलेली असतात, म्हणून आणखी एक करा : विंडोज नव्याने चढवायला लावून, ते पहिल्यांदा सुरू होतानाच दुकानात इंटरनेट जोडून बघा. मूळ कंपनीने यंत्र आपल्या यादीतून काढलेलं नसेल तर तिच्या नावाचं लॉगिन पान समोर उभं राहू शकतं. मग विंडोज ॲक्टिव्हेट आहे का, ते सेटिंगमध्ये. डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या प्रोग्राममध्ये दिसते. माझी नऊ हजार तास चाललेली निघाली, ९१ टक्के शिल्लक. टाइप-सीच्या थंडरबोल्ट पोर्टसाठी फर्मवेअरचं (पोर्टच्या आतल्या प्रोग्रामचं) अपडेट आलेलं आहे, ते टाकलेलं नसेल तर पहिल्याच दिवशी टाका. बॅटरी किती जाते हे विक्रेत्याला विचारू नका. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट असं दिलं की विंडोज स्वतः अहवाल काढून देतं. त्यात मूळ क्षमता आणि आता भरते ती क्षमता शेजारी-शेजारी असतात. आतली २४ वॉट-तासांची १७ भरत होती, मागची २४ ची जेमतेम ९. या आकड्यावर घासाघीस केली आणि पंधराशे कमी झाले.

किंमत पडली १९,५००. आय-५ आठवी पिढी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. बिलाशिवाय घेतलं तर आणखी हजार सोडायला तो तयार होता. मी नाही म्हटलं, तुम्हीही म्हणा. सीरियल नंबर लिहिलेलं बिल नसेल तर चोरी झाल्यावर पोलीस ठाण्यात हे यंत्र आपलं आहे हे दाखवणार कशावरून? त्यावर ८ जीबी रॅम १,६००, मागची ७२ वॉट-तासांची नवी बॅटरी २,८००, १ टीबीची बाहेरची डिस्क ४,५००, राउटरचा छोटा यूपीएस १,३०० आणि हवाबंद डबा ३८०. एकूण ३०,०८०. मी लॅपटॉपची किंमत हीच धरते, कारण यातलं एकही वगळून मला इथे काम करता आलं नसतं.

त्याच दिवशी विचारलेल्या नव्या लॅपटॉपचा भाव ५९,००० होता. माझी उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेखाली असल्याने मला करवजावट (खरेदीवर भरलेला कर वजा करणं) मिळत नाही, मला तो ५९,००० लाच पडला असता. पण तुमची जीएसटी नोंदणी असेल तर हिशेब बदलतो. ५९,००० मध्ये १८ टक्क्यांनी ९,००० कर आहे, तो धंद्याच्या वापरासाठी वजा मिळतो, म्हणजे नवा ५०,००० ला. उलट जुन्या मालाचे बरेच विक्रेते मार्जिन पद्धतीने कर भरतात, म्हणजे खरेदी आणि विक्रीतल्या फरकावरच. तशा बिलावर कर वेगळा दिसत नाही आणि घेणाऱ्याला वजावटही मिळत नाही. माझ्या एका हार्डवेअर दुकानदार अशिलाला मी हे मांडून दाखवलं, आणि त्याने नवाच घेतला. त्याच्यासाठी तेच बरोबर होतं.

रोजच्या वापराबद्दल थोडक्यात : टॅली आणि ब्राउझरचे वीसेक टॅब १६ जीबीत आरामात चालतात. कीबोर्ड हा या यंत्राचा जीव आहे, दिवसभर आकडे टाकून बोटं दुखत नाहीत. आकड्यांचा वेगळा पट्टा नाही, तो यूएसबीचा घेतला. कॅमेरा ७२०पी, कामापुरता. ७२ ची बॅटरी मागून फुगवटा काढते, टेबलावर उलट बरं पडतं, पिशवीत जड लागतं. जूनमध्ये झाड पडून दिवसभर वीज नव्हती तेव्हा सकाळी साडेनऊला सुरू केलं, संध्याकाळी साडेसहाला १२ टक्के उरले होते.

आता पावसाळ्याचं, म्हणजे मुख्य. जून ते सप्टेंबर इथे चामड्याच्या चपलेवर चार दिवसांत बुरशी चढते. यंत्राला सगळ्यात वाईट काय, तर बंद करून पिशवीत ठेवून देणं. रोज दोन तास चाललं तर आतल्या उष्णतेनेच कोरडं राहतं. रात्री मी ते पूर्ण गार होऊ देते आणि मगच डब्यात ठेवते, सोबत सिलिका जेलच्या निळ्या दाण्यांची पुरचुंडी. दाणे गुलाबी झाले की मंद तव्यावर परतायचे, पुन्हा निळे होतात. जुलैत आठवड्याला एकदा परतावे लागले, ऑक्टोबरनंतर गरज पडली नाही.

विजेचा कडकडाट सुरू झाला की चार्जर आणि इंटरनेटची केबल, दोन्ही काढायचं. लोक चार्जर काढतात आणि केबल विसरतात. शेजारच्यांचं यंत्र मे महिन्यातल्या वळवात तसंच गेलं. फायबरमधून वीज येत नाही, पण फायबरच्या डब्याचा ॲडाप्टर भिंतीतच असतो, आणि तिथून पुढे तांब्याचीच तार आहे.

अर्थिंगकडे मात्र माझं वर्षानुवर्षं लक्ष नव्हतं. चार्जिंग चालू असताना टोकन काढलं की बोटाला झिणझिण्या यायच्या. मी यंत्रालाच दोष देत होते. वायरमनने मीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये १८ व्होल्ट. आमच्याकडे खाली जांभा, पाणी धरत नाही, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा पार सुकून जातो. नवा खोल खड्डा, कोळसा-मीठ, आणि मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी. आता २ व्होल्ट येतात, झिणझिण्या बंद.

डेटाचं असं : डिस्कवर बिटलॉकर (माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे, कारण यात लोकांचे पॅन आणि आधार आहेत. त्याची किल्ली कागदावर छापून बँकेच्या पासबुकात ठेवलीय. रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर प्रत, आणि दर तीन महिन्यांनी दुसरी डिस्क गुहागरला मावशीच्या उंचावरच्या घरी. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय लेनोवोच्या व्हँटेज ॲपमध्ये आहे, तीही लावून ठेवली आहे, म्हणजे दिवसभर प्लगला लावून बॅटरी तापत-झिजत नाही. आभाळ भरून आलं तरच १०० करते.

ऑगस्टमध्ये एका रात्री पाऊस थांबेना. आयकर रिटर्नची मुदत २०२५ मध्ये १५ सप्टेंबरपर्यंत वाढलेली, त्यामुळे काम ऐन पावसात चाललं होतं. साडेबाराला नदीची पातळी वाढल्याचा निरोप फिरला. मी यंत्र बंद केलं, डब्यात घातलं, झाकणाच्या चारही कड्या दाबल्या, डिस्क त्यातच टाकली आणि माळ्यावर गेले. वेळ लागला चार मिनिटं. सासूबाईंनी विचारलं, "सगळं आलं का गं?" मी म्हटलं, "हो आई, सगळं आलं." पाणी त्या रात्री रस्त्यापर्यंतच आलं. पण मी झोपले.

काल परत बॅटरीचा अहवाल काढला. मागची ७२ ची ६८ भरते, आतली १४ वर आलीय. आतली मेच्या आधी बदलून घेणार आहे. झाकण उघडण्याआधी बायोसमध्ये आतली बॅटरी बंद करायचा पर्याय असतो, तो वापरायचा. बायोस मोकळं घेतल्याचा आणखी एक उपयोग.