पंचहजारी बूट : नऊ महिने, दोन शिखरं, एक नख

फेब्रुवारीत घेतलेले हे गिर्यारोहणाचे बूट आणि आता ऑक्टोबर संपत आला. एवढ्यात ते दोनदा हिमालयात जाऊन आले. जूनच्या पहिल्या आठवड्यात मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक (5,289 मीटर) आणि ऑगस्टमध्ये लडाखमधलं कांग यात्से-2 (6,250 मीटर). दोन्ही शिखरं ‘नवख्यांसाठी’ म्हणून सांगितली जातात. पहिलं झालं, दुसरं राहिलं. राहिलं त्यात बुटांचा वाटा होता आणि माझा त्याहून जास्त.

कंपनी विचारू नका. असे बूट चार-पाच कंपन्या बनवतात, आणि माझी तक्रार कंपनीबद्दल नाहीच. प्रकार सांगतो : बी-2. म्हणजे एकाच थराचे, ताठ तळव्याचे, टाचेला क्रॅम्पॉनची (बर्फात रुतण्यासाठी बुटाखाली बांधायचे लोखंडी दाते) क्लिप बसायला खाच असलेले. 22,000 रुपये. जोडीचं वजन पावणेदोन किलो.

पहिला महिना नुसता वैताग. तळवा वाकतच नाही, त्यामुळे सपाट रस्त्यावर आपण बाहुल्यासारखे ठकठक चालतो. टाचेला दोन फोड आले. मग रोज संध्याकाळी पाठीवर वजन घेऊन जिने चढउतार सुरू केली, आणि तिसऱ्या आठवड्यात घोट्याजवळचं चामडं जरा ऐकायला लागलं. तळवा मात्र शेवटपर्यंत तसाच राहिला, आणि तो तसाच हवा. तो वाकला तर क्रॅम्पॉन निघून येतो.

हे कळलं ते फ्रेंडशिपवर. सोलांगहून धुंडी, तिथून अटल बोगद्याचं तोंड मागे टाकून बकरथाच, मग वरचा कॅम्प. धुंडीपासून कॅम्पपर्यंत मी साध्या ट्रेकिंग शूजमध्येच चाललो, हे बूट खेचरावर होते. शिखराच्या रात्री दीड वाजता निघालो. पहाटे बर्फ दगडासारखा कडक असतो तेव्हाच वर जायचं आणि ऊन लागून भुसभुशीत व्हायच्या आत उतरायला लागायचं, असा हिशोब. त्या कडक बर्फात बुटाचं टोक मारलं की पायरी तयार होते. मऊ बुटात हेच केलं तर पोटऱ्या अर्ध्या तासात हात टेकतात. चढताना मला हे बूट इतके आवडले की मी त्यांच्याबद्दल मोठ्याने बोलत होतो. गाइड गप्प होता. त्याला उतार माहीत होता.

उतरताना दहा वाजून गेले होते. बर्फ ओला, क्रॅम्पॉनखाली गोळे धरायला लागलेले. दर चार पावलांनी आइस अॅक्सच्या दांड्याने बुटाच्या कडेला ठोकायचं, गोळा पाडायचा, पुढे जायचं. (क्रॅम्पॉनला खाली रबरी पत्रा असतो तो यासाठीच. भाड्याने घेताना तो आहे का बघा. माझ्या डाव्या क्रॅम्पॉनला नव्हता.) आणि प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे सरकत होता, डावा अंगठा टोकावर आपटत होता. कॅम्पवर मोजा काढला तेव्हा नख जांभळं. घरी आल्यावर काळं पडलं, जुलै संपता संपता गळून पडलं.

इथे मी चूक केली. मला वाटलं बूट मोठा आहे. एक साइज मोठा मुद्दामच घेतला होता, कारण उंचीवर आणि दिवसभर चालून पाय सुजतात. आता त्या मोकळ्या जागेवर उपाय म्हणून कांग यात्सेला दोन जाड लोकरी मोजे घातले. पाय घट्ट बसला. वाटेतल्या निमालिंगच्या कुरणावर चालून बघितलं, एक मिलिमीटर सरकत नव्हता. मी खूश.

कांग यात्सेचा बेस कॅम्प पाच हजार मीटरच्या थोडा वर आहे. लडाखमधलंच स्टोक कांगडी हे शिखर 2020 पासून बंद झाल्यावर बरीच गर्दी इकडे वळली. रात्री अकराला निघालो. आधी कित्येक तास मोरेन (हिमनदीने आणून टाकलेले दगडगोटे) आणि घसारा, बर्फ नाहीच. सह्याद्रीतला घसारा आठवा, तोच पाच हजार मीटरवर, अंधारात, धाप लागलेली असताना. हे ताठ बूट घसाऱ्यावर अगदी निरुपयोगी, दगडावर पाऊल बसतच नाही. क्रॅम्पॉन लावायच्या जागी पोचलो तोवर बोटं गार होती. लोखंड बांधल्यावर गारवा तळव्यातून वर यायला लागला. मग डाव्या पायाची बोटं कळेनाशी झाली. गाइड दोरावरून मागे वळून सारखा म्हणत होता, “सर, पंजे हिलाते रहो.” मी हलवत होतो, पण हलायला आत जागाच नव्हती. मोज्यांनी भरलेला बूट.

साधारण सहा हजारांवर मी थांबलो. समोरचा चढ दिसत होता, चंद्र होता, वारा फार नव्हता. गाइडने विचारलं, बोटं कळतात का? मी म्हटलं, नाही. त्याने पुढचा प्रश्न विचारला नाही, दोर वळवला. खाली दगडांत आल्यावर माझा बूट काढला, आणि बरोबरच्या मित्राने जॅकेटची चेन उघडून माझा पाय सरळ आपल्या पोटावर घेतला. चोळायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं. वीस मिनिटांनी बोटांत आग झाली. एवढी आग की मी रडलो, आणि गाइड पहिल्यांदा हसला. आग झाली म्हणजे बोटांत रक्त परत फिरायला लागलं.

पाय पुढे सरकतो त्यावर उपाय मोजा नव्हता, नाडी होती. हे मला नंतर कळलं. चवड्यावर नाडी सैल ठेवायची, घोट्याच्या वळणावर दोन वेढ्यांची गाठ मारून टाच मागे ओढून घ्यायची, आणि मगच वरचे हुक भरायचे. चढताना वरचे हुक थोडे सैल चालतात. उतारापूर्वी मात्र बसून, हातमोजे काढून, पुन्हा आवळायचं. शिखरावर फोटो काढायला थांबतो तेव्हाच हे करावं. मी तेव्हा फोटो काढत होतो. सप्टेंबरभर एकच मोजा आणि ही गाठ घालून जिने उतरून पाहिले, अंगठा टोकाला एकदाही लागला नाही.

बाकीचं थोडक्यात. पाणी बाहेरून आत आलं नाही, पण आतला घाम बाहेर गेला नाही. रात्री आतला तळवा काढून स्लीपिंग बॅगमध्ये घ्यावा लागतो, नाहीतर सकाळी तो पाटीसारखा कडक. बुखारीजवळ (खोली तापवायच्या शेगडीजवळ) वाळवू नका, चिकटवलेला सोल सुटतो. उजव्या बुटाच्या आतल्या बाजूला क्रॅम्पॉनच्या दाताने चर पडलाय. चूक माझ्या चालीची, पाय फाकवून चालायला शिका. गेटरही (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून नडगीवर बांधायचं आवरण) तिथेच फाटला. आणि दुकानात बूट बघाल तर संध्याकाळी बघा, नाडी न बांधता पाय पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट जायला हवं. मग उतारावर उभे राहा. सपाट फरशीवर सगळेच बूट छान बसतात.

घ्यावेत का? पाच हजारांच्या आसपासची शिखरं, मे-जून, दोन-तीन वेळा जायचं नक्की असेल तर घ्या. भाड्याचे बूट आधी दुसऱ्या कुणाच्या तरी पायाचे झालेले असतात, आणि रात्री दीडला अंधारात ते कळतं. सहा हजारांसाठी मी पुढच्या वेळी दुहेरी बूट भाड्याने घेणार, आतला वेगळा मऊ बूट असलेले. हे पंचहजारीच; त्यांना बढती मिळणार नाही.

ऑगस्टमध्ये पुन्हा कांग यात्सेचं ठरतंय. तोवर बूट कपाटात वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवलेत. नवीन नख तिसऱ्या हिश्शापर्यंत आलंय, जरा वाकडं.