डिशची वायर, परदेशी डोंगल आणि कच्ची पावती

टीव्ही बघायला डिशची वायर थेट कॉम्प्युटरला लागते असं सांगून कोणी पेनड्राइव्हएवढं डोंगल तुमच्या हातात ठेवत असेल, तर आधी त्या डोंगलचं भोक बघा. डिशच्या वायरच्या टोकाला आट्यांची पिन असते, बॉक्सच्या मागं फिरवून बसवतो ती. डोंगलला आट्या नसतील आणि दुकानदार मध्ये एक सोनेरी जोडपिन घालून "आता बसतंय बघा" म्हणत असेल, तर पाकीट बाहेर काढू नका. मी ती जोडपिन दोन हजार चारशे रुपयांना घेतली आणि डोंगल तिच्यावर फुकट आलं, असं आमच्या घरात आता म्हणतात.

आम्ही कर्नाटकातल्या सीमाभागातल्या निपाणीचे. गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री आहे. महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री दिसतं, दूरदर्शनचं कन्नड चंदनाही दिसतं, त्यामुळे आईची त्यावर काही तक्रार नाही. खालच्या खोलीत जुना डेस्कटॉप पडून होता, मॉनिटर मात्र चांगला एकोणीस इंची. त्यात टीव्ही ट्यूनर कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरवर टीव्हीची चॅनेल दाखवणारं कार्ड, टाकलं तर दुसरा टीव्ही घ्यायला नको, शिवाय आईची कीर्तनं रेकॉर्ड करून ठेवता येतील, एवढाच माझा हिशेब. निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, त्यामुळे असली खरेदी आम्ही तिकडंच करतो. दुकानाचं नाव इथं लिहीत नाही. दुकानं बदलतील, पद्धत तीच राहील, म्हणून पद्धत सांगतो.

जाण्याआधी मी व्हॉट्सॲपवर स्वच्छ विचारलं होतं: फ्री डिशची वायर कार्डाला थेट लागेल का, मध्ये बॉक्स नको. उत्तर आलं, "हो सर, डिश डायरेक्ट." दुकानात गेल्यावर पुन्हा तेच विचारलं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "लागती की. डिजिटल कार्ड हाय, एचडी. पावणं, बिनघोर न्या." सोळाशे रुपये फोनवरून दिले. बिल मागितलं तर म्हणाला, "कर्नाटकचा पत्ता टाकला की शिस्टिम बिलच घेत नाही." हातात आली ती 'एस्टिमेट' छापलेली कच्ची पावती. शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही, मालाच्या रकान्यात नुसतं 'टीव्ही कार्ड'.

हे सिस्टीमचं कारण साफ खोटं आहे. गिऱ्हाईक कुठल्याही राज्यातलं असो, बिल निघतं. जीएसटीत नोंदणी असलेल्या दुकानदाराला दोनशे रुपयांच्या वरच्या विक्रीवर बिल द्यावंच लागतं. सीमाभागातल्या माणसाला मात्र हे कारण पटकन खरं वाटतं, कारण आपल्याला 'ते तिकडचं, हे इकडचं' ऐकायची जन्माची सवय.

माझा भाचा बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतो. तो सुट्टीला आला, त्यानं खोका हातात घेतला आणि सगळ्यात आधी खोक्यावरचं 'डिजिटल एचडी' असं लिहिलेलं चकचकीत स्टिकर नखानं उचकटायला घेतलं. एक कोपरा आधीच सुटलेला होता. खाली छापलेली मूळ अक्षरं निघाली: केबल टीव्ही, पाल आणि एनटीएससी (जुन्या ॲनालॉग टीव्हीच्या पद्धती), विंडोज ९८, २०००, एक्सपी. कार्डावरची मोठी चिप फिलिप्सची, एसएए ७१३०. "मामा, ही ॲनालॉगची हाय," एवढं बोलून त्यानं कार्ड परत पिशवीत घातलं.

कार्ड बिघडलेलं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी हेच कार्ड कुणीही आनंदानं घेतलं असतं. तेव्हा केबलवाल्याची वायर भिंतीतून येऊन सरळ टीव्हीत जायची, तशीच ती या कार्डात जायची आणि चॅनेल लागायची. त्या चिपमधून आवाज येत नाही, तो एका वेगळ्या वायरीनं साउंड कार्डाच्या लाइन-इनमध्ये (आवाज आत घ्यायच्या भोकात) न्यावा लागतो. तेवढी कटकट लोक सहन करायचे. मग केबल डिजिटल करायचा कायदा आला. मोठ्या शहरांचे टप्पे आधी झाले, आमच्यासारख्या नगरपालिकांच्या गावांना ३१ डिसेंबर २०१५ ची मुदत होती, कोर्टकचेऱ्यांत ती पुढं सरकली, खेड्यांची ३१ मार्च २०१७ पर्यंत गेली. आता केबलच्या वायरीत ॲनालॉग चॅनेलच नाही. फ्री डिशच्या वायरीत तर कधीच नव्हतं. म्हणजे माल धड, पण ज्या सिग्नलसाठी तो बनला तो सिग्नलच उरला नाही. असा पडून राहिलेला माल खपवायला वर स्टिकर लावायचं, बस.

कार्ड घेऊन परत गेलो. या वेळी मालक स्वतः होता आणि फार गोड बोलला. "पोराची चूक झाली, तुम्हाला नवीन टेक्नॉलॉजीचं देतो," म्हणत त्यानं काचेच्या कपाटातून डोंगल काढलं. वर आणखी आठशे. मी विचारलं, याला डिशची वायर बसणार कशी? भोक तर जुन्या अँटेनाच्या पिनचं, गुळगुळीत. त्यानं ड्रॉवर ओढला आणि ती सोनेरी जोडपिन काढली: एका बाजूला डिशच्या आट्या, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत नळी. ड्रॉवरमध्ये अशा पिनांचा अख्खा डबा भरलेला मी डोळ्यांनी पाहिला. त्यामुळे त्याला डोंगल कशाचं आहे ते ठाऊक नव्हतं, असं मी मानत नाही. ज्याला ठाऊक नसतं तो जोडपिनांचा साठा करून ठेवत नाही.

घरी डोंगल लावलं. सीडीतलं सॉफ्टवेअर चालू झालं आणि त्यानं देश निवडायला सांगितला. यादीत जर्मनी, इटली, तैवान, ऑस्ट्रेलिया. भारत नाही. भाच्यानं हसत हसत ऑस्ट्रेलिया निवडलं. स्कॅनची हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली आणि खाली आकडा आला: चॅनेल शून्य.

डोंगलच्या पाठीवर बारीक अक्षरांत डीव्हीबी-टी लिहिलेलं होतं. सगळी ग्यानबाची मेख त्या शेवटच्या अक्षरात आहे. डीव्हीबी-टी म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणारं डिजिटल प्रक्षेपण, युरोप-ऑस्ट्रेलियात चालतं ते. डीव्हीबी-एस आणि एस-टू म्हणजे उपग्रहावरून, म्हणजे आपली डिश. डीव्हीबी-सी म्हणजे केबल. दूरदर्शननं काही मोठ्या शहरांत मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, पण ते डीव्हीबी-टी-टू या पुढच्या पद्धतीचं, जुन्या टी डोंगलला कळत नाही. निपाणीत टी डोंगल लावून बसणं म्हणजे एसटी स्टँडवर रेल्वेची वाट बघणं.

आणि जोडपिनेनं वायर जोडली तरी काय होतं? छत्रीच्या तोंडाशी जो एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा डबा, असतो तो वायरीतूनच वीज घेतो. बॉक्स त्याला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो आणि त्यावरच एलएनबी कुठल्या पोलरायझेशनचे (आडव्या की उभ्या लहरींचे) सिग्नल खाली द्यायचे ते ठरवतो. यूएसबीच्या भोकात मुळात पाच व्होल्ट. हे डोंगल वायरीत काहीच सोडत नाही, म्हणजे एलएनबी झोपलेलाच राहतो. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह तिकडं ९३.५ अंश पूर्वेला बसून सह्याद्री पाठवत असतो, पण ते आपल्या वायरीत उतरतच नाही. भाच्यानं मल्टिमीटर लावून दाखवलं: बॉक्सच्या भोकाला काटा हलला, डोंगलच्या भोकाला जागचा उठला नाही. दुकानात हीच परीक्षा घ्यायची. मीटर नसेल तर दुकानदाराला म्हणायचं, तुमच्या छत्रीची वायर यात घालून एक चॅनेल लावून दाखवा. छत्री नाही म्हणाला तर त्यानं हा माल कधी चालवून बघितलेलाच नाही.

परत करायला निघायचं तर डिसेंबर २०२२. सीमावाद पेटला होता, हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली आणि एसटीनं कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या. वातावरण निवळल्यावर गेलो तर मालकाचा सूर बदललेला. "सात दिवसांची रिप्लेसमेंट असती, तुमची मुदत संपली." ही मुदत पावतीवर कुठंच नव्हती, तोंडीही कोणी सांगितली नव्हती. मी तक्रार करीन म्हणालो तर हसला. "तुम्ही कर्नाटकातले. हितं तुमची तक्रार घेत न्हाईत, आणि तिकडनं केली तर ती हितं चालत न्हाई."

या वाक्यानं आपल्या भागातले कितीतरी लोक गप्प बसत असतील. म्हणून कायदा काय म्हणतो ते लिहितो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात तक्रारदार जिथं राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. माल कोल्हापुरात घेतला असेल आणि तुम्ही निपाणी, चिकोडी, खानापूर कुठलेही असाल, तरी तक्रार बेळगावच्या जिल्हा आयोगात चालते. कोल्हापूरला तारखांना जायचं काम नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. मुख्य म्हणजे बिल न देणं ही याच कायद्यात अनुचित प्रथा धरली आहे. सदोष माल परत घ्यायची मुदत बिलावर लिहिलेली नसेल तर ती तीस दिवस धरली जाते. सात दिवस हा मालकाच्या मनातला आकडा.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, मराठीत बोलता आलं. त्यांनी तक्रार नोंदवून घेतली. त्यानंतर मी दुकानाला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. सोबत व्हॉट्सॲपवरच्या 'डिश डायरेक्ट'चा फोटो, फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद (त्यात दुकानाचं नाव आणि तारीख आपोआप येते, रोख दिले असते तर हेही नसतं) आणि शून्य चॅनेलच्या स्क्रीनचा फोटो. कच्च्या पावतीला फारशी किंमत नव्हती, या तीन कागदांना होती. काही दिवसांनी मालकाचाच फोन आला, "भाऊ, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला वाढवताय." 'फिटिंग चार्ज' म्हणून तीनशे कापून एकवीसशे परत मिळाले. कसलं फिटिंग ते त्यानं सांगितलं नाही. तीनशेसाठी आयोगापर्यंत जायचा कंटाळा केला. ज्याचे जास्त अडकले असतील त्यानं करू नये.

ज्यांना अजूनही हे करायचंच आहे त्यांच्यासाठी. डिश थेट कॉम्प्युटरला लावणारी कार्डं खरोखर मिळतात, त्यांवर डीव्हीबी-एस किंवा एस-टू लिहिलेलं असतं, भोकाला आट्या असतात आणि यूएसबीवाल्या प्रकाराला सहसा वेगळा पॉवर अडॅप्टर येतो. आतलं कार्ड घेणार असाल तर आधी कॅबिनेट उघडून मदरबोर्डावर स्लॉट पीसीआय आहे की पीसीआय एक्स्प्रेस ते बघा, एकाचं कार्ड दुसऱ्यात बसत नाही. असलं कार्ड घेऊनही पैसे भरायच्या डीटीएचची किंवा केबलची कुलूपबंद चॅनेल उघडणार नाहीत, त्याला त्या कंपनीचाच बॉक्स लागतो. कोणी उघडून देतो म्हणाला तर तो पुढची फसवणूक विकतोय.

आम्ही शेवटी सोपा मार्ग धरला. बॉक्सच्या मागच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या भोकांतून वायर काढून ती यूएसबी कॅप्चर डोंगलला दिली. हे ट्यूनर नव्हे, याला अँटेनाचं भोकच नसतं, पण बाजारात यालाही बिनधास्त 'टीव्ही ट्यूनर' म्हणून विकतात, तेव्हा तिथंही भोकं बघूनच घ्या. चित्र ७२० बाय ५७६ चं, एकोणीस इंची मॉनिटरला पुरतं. अडचण एकच. बॉक्सवर जे लागलंय तेच रेकॉर्ड होतं, त्यामुळे कीर्तन चालू असताना आईला बातम्या बघाव्याशा वाटल्या की रेकॉर्डिंगमध्ये निम्मं कीर्तन आणि निम्म्या बातम्या निघतात, आणि रिमोट कोणाकडं असावा या विषयात आमच्या घरी माझं काही चालत नाही.