सुतारकामाची हत्यारं घेऊन सात महिने झाले, आता लिहितो

पाडव्याला पुण्याच्या बोहरी आळीत जाऊन पहिली हत्यारं घेतली होती, आता दिवाळी झाली, मधले जवळपास सगळे शनिवार-रविवार हीच वापरलीयत म्हणून आता लिहितोय. जागा म्हणजे फ्लॅटची मागची बाल्कनी, सहा बाय चार, आणि खालच्या मजल्यावर आजी-आजोबा दुपारी झोपतात, त्यामुळे कटिंगचं मशीन पहिल्यापासूनच बाद, सगळं हातानेच.

ड्रिल बॉशचं 500 वॉटचं घेतलं, त्याबद्दल काही तक्रार नाही. फक्त लाकडात भोक पाडताना हॅमर, म्हणजे भिंतीसाठीचा ठोके देणारा मोड, बंद ठेवा आणि भिंतीचे बिट वापरू नका, लाकडासाठी मधे टोक असलेले वेगळे बिट मिळतात, त्यांनी भोक स्वच्छ पडतं.

खरं लिहायचंय ते पटाश्यांबद्दल, म्हणजे लाकडात खाच पाडायच्या छिन्न्यांबद्दल. ऑनलाइन चारचा सेट मागवला, 6, 12, 18 आणि 25 मिमी, आणि पहिले दोन महिने मला वाटत होतं की आपल्या हातालाच जमत नाहीये, कारण खाच नीट कापलीच जायची नाही, लाकूड नुसतं चेचलं जायचं. आमच्या सोसायटीत एका घरी फर्निचरचं काम चालू होतं, तिथल्या मिस्त्रीकाकांना पटाशी दाखवली. त्यांनी विचारलं, धार कधी लावली? म्हटलं काका, नवीनच आहे की. तर म्हणाले, नवीन आहे म्हणूनच विचारतोय.

नवी पटाशी तयार धारेची येतच नाही, हे कुठल्याच दुकानदाराने सांगितलं नव्हतं. आधी तिची पाठ दगडावर सपाट करायची, निदान टोकाकडची इंचभर, मग उताराची बाजू 25 ते 30 अंशात धरून घासायची, दुसऱ्या बाजूला बोटाला कोर, म्हणजे घासून वळलेली बारीक खरखरीत कड, लागली की मग बारीक दगड, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर आठ-दहा वेळा ओढायची. बारीक दगड नसेल तर जाड काचेवर 1000 आणि 2000 नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून ठेवा, मी अजून तेच करतो. इतकं करूनही त्या सेटमधल्या दोन पटाश्यांची धार सागवानात लगेच दुमडायची, त्या बाजूला ठेवल्या आणि बोहरी आळीतून 12 आणि 25 अशा दोन सुट्या घेतल्या. सागवान धार खातं हे खरंच आहे, त्यात सिलिका असते, पण दुमडणं वेगळं, ते पोलाद मऊ असल्याचं लक्षण.

गुण्या, म्हणजे काटकोन आखायची पट्टी, दुकानातच तपासून घ्या. सरळ कडेच्या प्लायला टेकवून एक रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच टोकापासून दुसरी मारा, दोन्ही एकावर एक आल्या तरच घ्या. माझा पहिला गुण्या असा तपासल्यावर सहा इंचात एक मिलिमीटर फरक दिसला, म्हणजे चूक अर्धा मिलिमीटर, पण चार कोपऱ्यांच्या चौकटीत ती साठत जाते.

करवत काळ्या दातांची घेतली, कापते छान, पण ते दात कडक केलेले असतात, कानस चालत नाही, बोथट झाली की नवीन. लाकूड तासून गुळगुळीत करायचा लोखंडी रंधा चार नंबरच्या मापाचा, त्यालाही धारेचाच नियम.

क्लॅम्प मी दोनच घेतले होते आणि ही सगळ्यात मोठी चूक झाली. पहिली वस्तू केली ती पाट, दोन फळ्या फेविकॉलने जोडून, आणि दोन क्लॅम्पमधे मधली फट राहिली. आता सहा आहेत, तरी कमीच पडतात. पाटाचं अजून एक झालं, खालच्या दोन आडव्या पट्ट्या मी फेविकॉल लावून वर स्क्रूने घट्ट आवळल्या. जुलैत पाट मधून उचलला गेला आणि पाऊस संपल्यावर एका टोकाला तडा गेला. लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळपास नाहीच, आणि मी आडव्या पट्ट्यांनी त्याला जखडून टाकलं होतं. दुसऱ्या पाटाला पट्टीची टोकाकडची भोकं लांबट केली, फक्त मधला स्क्रू घट्ट, फेविकॉल अजिबात नाही. तो पाट दिवाळीला अभ्यंगस्नानाला वापरला, आईला फार आवडला.

पावसाळ्यात गंज चढतोच. काम झालं की रंध्यातला भुसा झटकायचा, तो ओल धरून ठेवतो, आणि पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवून हत्यारं घरात ठेवायची, बाल्कनीत नाही.

पहिल्या दिवशी परत जायला मिळालं तर एक ड्रिल, एक करवत, दोन पटाश्या, तपासलेला गुण्या, दगड आणि चार क्लॅम्प एवढंच घेईन, रंधा दोन महिन्यांनी. माझा पुढचा खर्च बेंचचा आहे, सध्या स्टुलावर गुडघ्याने फळी दाबून करवत चालवतोय, त्याने कंबर धरते आणि कापही तिरका जातो. कुणी बाल्कनीत मावेल असा भिंतीला घडी होणारा बेंच केला असेल तर माप सांगा.